वायकोरा ते टाकाका, मार्गे हँगर

नायरी हॉस्किनने विमानाने टाकाकाला जायचं ठरवलं तेव्हा ती पासष्टची होती. प्रत्यक्षात गेली तेव्हा सहासष्ट पूर्ण होऊन वर दोन महिने झाले होते. मधल्या काळात जे चाललं होतं त्याला वायकोरा फ्लाइंग क्लबात ‘तयारी’ म्हणत.

तशी ही बाई रेंगाळणाऱ्यांतली नव्हती. तीस वर्षं तिने आडगावांतून गाडीने टपाल वाटलं होतं. बर्फ पडो, रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा येवो, हिची गाडी वेळेवर. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात विमान शिकायला गेली. परवाना मिळाल्यापासून दर रविवारी क्लबचं चार आसनी विमान घ्यायची, पूर्वेला समुद्रापर्यंत जायची, वळायची आणि चहाला परत. पश्चिमेला डोंगर होते. वर्षातले आठ महिने बर्फाने पांढरे. त्यांच्याकडे तिची पाठच असायची. परतताना नाइलाजाने समोर यायचे, तेव्हा ती खाली बघून शेतं मोजायची.

एका रविवारी क्लबच्या खोलीत स्कोनला लोणी लावता लावता ती सहज म्हणाली, “म्हणते, व्हर्नाकडे जाऊन यावं. विमानाने.”

व्हर्ना ही तिची मावसबहीण. राहायची टाकाकाला, त्याच बेटाच्या पार वरच्या टोकाला. गाडीने नऊ तास. दोघी लहानपणी एका पलंगावर झोपलेल्या, पण गेली सहा वर्षं नुसती फोनावर भेट.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बेव्हन टलक बसला होता. वय एकोणऐंशी. एकतीस वर्षं टेकड्यांवर विमानातून खत टाकलेला माणूस. क्लबात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, कारण तो फार कमी बोलायचा. त्याने कप खाली ठेवला.

“डोंगर ओलांडून?”

“दुसरा रस्ता आहे का?”

“मग तयारी करावी लागेल,” बेव्हन म्हणाला.

“करू की. पुढच्या महिन्यात हवा चांगली असते म्हणतात.”

“नायरी,” बेव्हन म्हणाला, “तयारी म्हणजे तयारी.”

क्लबची चिटणीस लोरेन पिकेट हिने तोवर वही उघडलीसुद्धा होती. लोरेनला सभेचं इतिवृत्त लिहायला मनापासून आवडे आणि क्लबात लिहिण्यासारखं फारसं काही घडत नसे. तिने वर तारीख टाकली, खाली ‘हॉस्किन मोहीम’ असं लिहून दोन रेघा मारल्या. नायरीला ते बघून जरा दडपण आलं. पण सुटल्यासारखंही वाटलं. तयारी चालू आहे तोवर जायचं नाही, एवढं नक्की होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही.

दर गुरुवारी बैठक बसू लागली. पहिले दोन महिने नुसता नकाशा चालला. आर्थरच्या खिंडीतून पलीकडे उतरायचं, मग समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला, असा बेव्हनने मार्ग आखला. दरीत शिरल्यावर कुठल्या कडेने उडायचं, कुठे दरी इतकी अरुंद होते की मागे वळता येत नाही, आणि त्याच्या किती आधी वळायचं की जायचं ते ठरवून टाकायचं. अशा प्रत्येक जागेवर त्याने लाल पेन्सिलीने गोल काढला. एकूण एक्केचाळीस गोल झाले. नायरी रोज रात्रीच्या जेवणाआधी ते पाठ म्हणायची. तिचा नवरा ग्रेअम समोर बसून बटाटे सोलायचा. तो कानातलं यंत्र काढून ठेवी, त्यामुळे त्याला त्याचा काही त्रास नव्हता.

तिसऱ्या महिन्यात वजनांचा प्रश्न निघाला. लहान विमानात किलो-किलोचा हिशेब लागतो. नायरीबरोबर बेव्हन जाणार आणि मागे लोरेन, वाटेतलं इतिवृत्त लिहायला, असं ठरलं होतं. वजन करायला तामाती रेहूने स्वतःच्या शेतावरचा मेंढ्यांचा काटा आणला. तामाती पन्नाशीचा, दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा. विमानाची डागडुजी तोच करायचा. मोठ्या बायकांना आंटी म्हणायचा आणि बेव्हनला मातुआ, म्हणजे त्याच्या भाषेत वडीलधाऱ्याला म्हणतात तसं.

“लोरेन आंटी, चढा. पाय टाका न घाबरता, दार मागून लावतो.”

“माझं बासष्ट आहे. लिहून घे आणि मोकळा हो.”

“आंटी, काट्याला विचारू ना एकदा.”

काटा एक्क्याऐंशीवर जाऊन थांबला.

“हा मेंढ्यांचा आहे,” लोरेन म्हणाली. “लोकर धरून दाखवतो.”

“लोकर एकोणीस किलो? आंटी, अशी मेंढी मला सांगा, मी विकत घेतो.”

यावर दोन बैठका झाल्या. शेवटी वहीत ‘सौ. पिकेट : बासष्ट, सदस्याच्या म्हणण्यानुसार’ असं लिहिलं गेलं. उरलेले एकोणीस किलो बेव्हनने शांतपणे ‘इतर सामान’ या सदरात टाकले.

सामानही काही थोडं नव्हतं. बर्फात उतरावं लागलं तर तंबू, दोर, कुऱ्हाड, शिट्टी, उजेड परतवायला आरसा. नदीकाठी उतरावं लागलं तर गळ. गळ म्हटल्यावर तवा आला. “आणि मासा नाही लागला तर?” असं लोरेनने विचारलं, तेव्हा डबाबंद मटण आलं, आणि डबा उघडायचा ओपनर. नायरी म्हणाली की तिला फक्त व्हर्नाकडे जेवायला जायचं आहे. तिचं म्हणणं वहीत नोंदवलं गेलं.

असं करत करत बेताची फाईल एकशे बारा पानांची झाली. आत प्लास्टिकच्या पाकिटात नकाशे, रंगीत खुणा, मागे शब्दसूची. एका गुरुवारी तामातीने ती गमतीने काट्यावर टाकली. चार किलो सहाशे.

बेव्हनने डोळे मिटून हिशेब केला. “जास्त होतंय. अकरा मिनिटांचं पेट्रोल कमी करावं लागेल.”

“म्हणजे बेत न्यायला पेट्रोल सोडायचं?” नायरी म्हणाली.

“बेताशिवाय पेट्रोल घेऊन जाणार कुठे?”

नायरी घरी जाताना गाडीत एकटीच हसली, मग महिने मोजायला लागली. चांगल्या हवेचे दोन हंगाम येऊन गेले होते. व्हर्ना दर रविवारी फोनवर विचारायची, “कधी येतेस?” आणि नायरी म्हणायची, “तयारी चाललीय.” शेवटच्या वेळी व्हर्ना म्हणाली, “अगं, चंद्रावर याहून लवकर गेले.”

दुसऱ्या दिवशी नायरीने क्लबात सांगून टाकलं, “आता तारीख धरा.”

बेव्हनचा चेहरा पडला. “तालीम झाली नाही,” तो म्हणाला.

“कसली तालीम?”

“पूर्ण प्रवासाची. जमिनीवर.”

तालमीचा दिवस उजाडला तो वायव्येचा वारा घेऊनच. डोंगरावर ढगांची कमान उभी राहिली की वायकोरात लोक कपडे आत घेतात आणि एकमेकांशी भांडतात. त्या दिवशी वारा असा होता की बाहेर उभं विमान उलटलं असतं, म्हणून तामातीने ते हँगरमध्ये ढकललं आणि दारं लावून घेतली.

लोरेनने तालमीचा कागद केला होता. वर लिहिलं होतं, ‘सर्व काही प्रत्यक्ष दिवसाप्रमाणेच.’ पायरी तीन : घरी सांगणे. त्याप्रमाणे नायरी सकाळी न्याहारीला म्हणाली होती, “ग्रेअम, मी टाकाकाला निघाले. दोन दिवसांनी येईन.” ग्रेअम मेंढ्यांच्या लिलावाचं पान वाचत होता. नेमकं यंत्र कानात होतं. “बरं,” तो म्हणाला. आज तालीम आहे हे तिने सोमवारी सांगितलं होतं, तेव्हा यंत्र बशीत होतं.

पायरी पाच : उड्डाणाचा कागद नेहमीच्या कार्यालयात कळवणे. ही पायरी लोरेनकडे होती. विमान वेळेत पोचलं नाही तर शोध कधी सुरू करायचा तेही त्यात लिहावं लागतं. लोरेनने सगळं व्यवस्थित भरलं. निघणार नऊ दहाला, पोचणार बारा पस्तीसला, दीडपर्यंत काही कळलं नाही तर शोध. सोबत एकशे बारा पानंही पाठवली. तालीम आहे हे लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

पायरी सहा : डोंगरात फोन लागत नाहीत, सबब सर्व फोन बिस्किटांच्या डब्यात.

नऊ दहाला तिघं विमानात चढली. नायरी डावीकडे, बेव्हन तिच्या शेजारी घड्याळ घेऊन, लोरेन मागे तव्यासकट. सगळ्यांनी हेडफोन घातले. इंजिन बंद. बाहेर तामाती उजव्या पंखाच्या टोकाशी उभा. तो वारा होता. बेव्हनने एक बोट वर केलं की त्याने पंख हलवायचा, दोन बोटं वर केली की जोरात.

“खाली रकाया नदी,” बेव्हन म्हणाला.

समोर हँगरची भिंत होती, तिच्यावर टायरवाल्यांचं कॅलेंडर. “दिसली,” नायरी म्हणाली.

“कुठे आहेस?”

“उजव्या कडेला. वळायला डावीकडे जागा आहे.”

“छान. पाणी पी.”

पहिला तास असा गेला. दुसऱ्या तासात आर्थरची खिंड आली आणि बेव्हनने दोन बोटं वर केली. तामातीने मनावर घेतलं. विमान असं डुलायला लागलं की तवा लोरेनच्या मांडीवरून खाली पडला.

“तामाती, पुरे!” लोरेन ओरडली. काचा बंद होत्या. तामातीला वाटलं, शाबासकी देतायत. त्याने आणखी जोर लावला, आणि कॅलेंडरपासून बारा फुटांवर, समुद्रसपाटीपासून फार तर चारशे फुटांवर, लोरेन पिकेटला उलटी झाली. मग तिने वहीत वेळ टाकली. पावणेअकरा.

नायरीला हसू यायला हवं होतं, पण तिचे हात घामाने चिकट झाले होते. डोळ्यांसमोर खरंच कडे दिसत होते, बर्फाचे, जवळ जवळ येणारे. तिने बेव्हनकडे बघितलं. त्याच्याही कपाळावर घाम होता.

बारा पस्तीसला उतरायचं होतं. बेव्हनने डोकं हलवलं. “आज वारा समोरून आहे. चाळीस मिनिटं धर.”

“बेव्हन, आपण हँगरमध्ये आहोत.”

“वारा तर खरा आहे ना?”

चाळीस मिनिटांनी टाकाकावर ढग आले, म्हणजे बेव्हनने आणले, आणि विमान वाटेतल्या वेस्टपोर्टला वळवण्यात आलं. सँडविचं निघाली. याच सुमारास क्लबच्या खोलीतला फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजला. तामातीने तो ऐकला. विमानाच्या काचेवर टकटक करून त्याने खुणेने विचारलं. बेव्हनने एक बोट वर केलं. तामातीने पंख धरला. पुढे कुणीतरी त्याला विचारलं की बाबा रे, दीड तास फोन वाजत होता, तू उचलला का नाहीस. तो म्हणाला, “मी वारा होतो. वारा फोन कसा घेणार?”

तिकडे कार्यालयाने ग्रेअमला फोन केला. “हो, टाकाकाला गेलीय,” ग्रेअम म्हणाला. धावपट्टीशेजारच्या घरातल्या बाईंना विचारलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. विमान रोज उभं असतं ती जागा मोकळी होती. “गेलंय,” त्या म्हणाल्या. ग्रेअमने यंत्र कानात घट्ट बसवलं आणि व्हर्नाचा नंबर फिरवला.

तीन वाजता हँगरबाहेर प्रचंड आवाज झाला. आधी सगळ्यांना वाटलं, छप्पर चाललं. मग आवाज मंदावला, छोटं दार उघडलं आणि हेल्मेट काखेत घेतलेली एक बाई आत आली. बचावपथकाच्या हेलिकॉप्टरची पायलट होती ती. तिच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, पिपा गोल्डी. चेहरा राखेसारखा.

“माफ करा,” ती तामातीला म्हणाली, “इंधनाच्या पंपाची किल्ली कुणाकडे आहे? घाईत आहोत. एक विमान हरवलंय.”

तामातीने पंख सोडला. “अरेरे. कुणाचं?”

“इथलंच. पांढरं, पोटाला निळा पट्टा, शेपटीवर मेंढी. तिघं आहेत आत.”

तामातीने शेपटीकडे बघितलं. पिपानेही बघितलं. मेंढी तिथे होती. मग दोघांनी आत बघितलं. नायरीच्या तोंडात अंड्याचं सँडविच होतं. तिने हेडफोन काढला.

“काय झालं?” बेव्हनने काच उघडून विचारलं. “अजून उतरलो नाही आपण.”

पिपाने एकदा मेंढीकडे, एकदा सँडविचकडे बघितलं. मग हसायला लागली, मग हसायची थांबली. “सव्वा तास,” ती म्हणाली. “सव्वा तास तुम्हाला शोधतोय. खिंडीपर्यंत दोनदा गेलो. वाऱ्याने सालपटं काढली आमची. माझा सोबती बाहेर उलट्या करतोय.”

“आमच्याकडेही झाली एक,” बेव्हन म्हणाला.

“बेव्हन, गप्प बसा!” नायरी म्हणाली. आठ वर्षांत ती त्याला पहिल्यांदा असं बोलली. ती खाली उतरली. पाय वळले होते, तीन वेळा पंखाला धरावं लागलं. “बाई, मला काय बोलावं कळत नाही. माणसं मरतात त्या डोंगरात. आणि तुम्ही आमच्यासाठी…”

पिपाने तिच्याकडे नीट बघितलं. तिचा राग थोडा उतरला असावा.

“बेत कुणी केला?” तिने विचारलं.

“आम्ही सगळ्यांनी. चौदा महिने.”

“तुमच्याच कागदावरून शोधत होते मी. एक्केचाळीस लाल गोल. प्रत्येक जागी खरंच वळता येतं. असा बेत मी आजवर बघितला नाही.” तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं. “त्यात फक्त तुम्ही नव्हता. वारा रात्रीतून पडणार आहे. उद्या सकाळी डोंगर स्वच्छ असेल. जायचं नसेल तर ते गोल मला देऊन टाका, माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना दाखवीन.”

ती गेली. लोरेनने वही उघडली, मिटली.

घरी ग्रेअम दारातच उभा होता. त्याने नायरीला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग एकदम चिडला. “टाकाकाला जाते म्हणालीस!”

“तालीम होती रे.”

“मग ‘तालमीला जाते’ म्हणायचं!”

व्हर्नाला फोन लावला, तर कुणी उचलेना. मोबाइल व्हर्नाने कधी घेतलाच नव्हता. “झोपली असेल,” ग्रेअम म्हणाला. “रडून रडून. मी सांगितलं तेव्हा फार रडली.” नायरीने रात्री दोनदा लावून बघितला. सकाळी उठली तेव्हा झाडाचं पानही हलत नव्हतं, आणि तिच्या मनात एवढंच होतं की व्हर्नाला आपण जिवंत दिसायला हवं.

साडेसहाला ती धावपट्टीवर पोचली तर बेव्हन आधीच येऊन बसलेला. दाढी केलेली, टाय लावलेला. फाईल मांडीवर.

“ती राहू दे,” नायरी म्हणाली. “मी गोलांचं पान कालच काढून घेतलंय.”

बेव्हनने फाईल बाकावर ठेवली. उठला नाही. “नायरी, एक सांगायचं होतं.”

“बोला.”

“मी कधी ओलांडले नाहीत.”

“काय?”

“डोंगर. खत टाकायचं काम सगळं या बाजूला. टेकडीपासून दोनशे फुटांवर उडायचो. त्याच्या वर जायची गरजच नाही पडली. मग लोक विचारायला लागले, बेव्हन, तिकडे कसं असतं. मी गप्प बसायचो. त्यांना वाटायचं, याने खूप बघितलंय.” त्याने टायची गाठ चाचपली. “तू जाशील म्हणालीस तेव्हा मला झोप आली नाही. जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. ते एकेक गोल मी पुस्तकांतून आणि नकाशांतून काढलेत.”

नायरीला आधी राग आला. चौदा महिने! मग तिला आठवलं की त्यातले निदान बारा महिने तिलाही हवेच होते.

“मागे राहिला तरी चालेल,” तो म्हणाला. “हा म्हातारा. वजन कमी होईल.”

“चढा मुकाट्याने,” नायरी म्हणाली. “पट्टा लावा.”

मागच्या जागेवर कुणी नव्हतं, तवाही नव्हता. विमान हलकं होतं, लवकर उचललं. खाली दंव पडलेली कुरणं, मग नदीचे गुंतलेले पांढरे धागे, आणि मग डोंगर समोरून यायला लागले. या वेळी तिने शेतं मोजली नाहीत. पहिला गोल आला. डावीकडे खरंच रुंद जागा होती. दुसरा, तिसरा. उजव्या कडेला धरून ती चढत गेली. इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंच्या दगडांवर आपटून परत येत होता. खिंडीच्या तोंडाशी विमान एकदा हिसडलं, जेमतेम अर्ध्या बोटाएवढं. बेव्हनने डोळे गच्च मिटले होते.

“उघडा,” ती म्हणाली.

“पोचलो?”

“उघडा तरी.”

त्याने उघडले. दोन्हीकडे बर्फ, इतकं जवळ की त्यावर पडलेली विमानाची छोटी सावली दिसत होती. मग जमीन पायाखालून निसटली आणि समोर हिरवं जंगल उतरत उतरत पार समुद्रापर्यंत गेलेलं. बेव्हनने रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाला, “पाणी पी.”

दहा वीसला टाकाका. धावपट्टीवर व्हर्नाच्या शेजारचा गृहस्थ, डर्मट, गवत कापत होता. नायरीला बघून त्याच्या हातातलं यंत्र तसंच चालत पुढे गेलं.

“तुम्ही तर डोंगरात पडला होता!”

“नाही पडले. व्हर्ना कुठे आहे?”

“तुमच्याकडे गेलीय! काल दुपारीच निघाली. काळा ड्रेस घातला, भाजलेलं मांस घेतलं, म्हणाली ग्रेअमला चार दिवस काही शिजवायला नको.”

डर्मटने दोघांना व्हर्नाच्या घरी सोडलं. किल्ली पायपुसण्याखाली होती. आत गेल्या गेल्या फोन वाजला.

“हॅलो,” नायरी म्हणाली, “व्हर्ना घरी नाही.”

“माहितेय मला मी घरी नाही!” पलीकडून व्हर्ना ओरडली. “तुझ्या स्वयंपाकघरात उभी आहे मी! रात्री वाटेत मुक्काम केला, सबंध रात्र रडले, सकाळी इथे येते तर तुझा नवरा म्हणतो, नायरी टाकाकाला गेली. मी त्याला म्हटलं, बिचारा, धक्क्याने भ्रमिष्ट झालाय. डोक्यावरून हात फिरवला त्याच्या! मग त्याने तालमीचं सगळं सांगितलं तेव्हा कुठे पटलं!”

“तू तिथेच थांब. मी उद्या परत येते.”

“नाही, तू थांब, मी येते.”

“नऊ तास परत गाडी चालवणार? वेडी आहेस का? मी तीन तासांत येते. थांब म्हणते ना.”

म्हणून व्हर्ना थांबली. आणि त्या संध्याकाळी हवा बिघडली. एक वादळ गेलं की दुसरं यायचं. रोज सकाळी नायरी म्हणायची, “उद्या,” आणि रोज व्हर्ना म्हणायची, “मी निघू का?” आणि नायरी म्हणायची, “आता उद्याच निघते.” तिसऱ्या दिवशी रस्त्यावर दरड कोसळली, तेव्हा हा वादही संपला. नऊ दिवस अशा दोघी एकमेकींच्या घरात राहिल्या. नायरी व्हर्नाचा झगा घालून व्हर्नाच्या कोंबड्यांना दाणे टाकायची. व्हर्ना तिकडे नायरीच्या शेगडीवर ग्रेअमला बटाटे उकडून द्यायची. बेव्हनने व्हर्नाचं गळकं छप्पर दुरुस्त केलं, टाय लावूनच. दिवसातून तीनदा फोन. साखर कुठे आहे, मोठं भांडं कुठे, ही खालच्या कपाटातली पत्रं कुणाची. सहा वर्षांत जेवढं बोलल्या नव्हत्या तेवढं त्या बोलल्या.

“पत्रं वाचू नकोस,” नायरी म्हणाली.

“वाचली,” व्हर्ना म्हणाली. “लग्नाआधी ग्रेअम इतकं बोलायचा?”

“लिहायचा. बोलला कधीच नाही.”

दहाव्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निघालं. या वेळी खिंडीत बेव्हनने डोळे मिटले नाहीत. उलट तिथून परत एकदा फेरी मारू या का, असं विचारलं. नायरी नाही म्हणाली.

वायकोराच्या कुंपणाशी व्हर्ना आणि ग्रेअम उभे होते. व्हर्ना नायरीचा निळा स्वेटर घालून. नायरी धावपट्टीवरून चालत आली. मावसबहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. दोघींनाही फोनशिवाय एकदम काय बोलावं ते सुचेना.

“कोंबड्या कशा आहेत?” व्हर्नाने विचारलं.

“छान. डर्मट बघतोय आता. रोज सात अंडी देत होत्या.”

“सात?”

“कधी आठ.”

व्हर्नाचं तोंड वाकडं झालं. “मला कधी पाचाच्या वर दिली नाहीत,” ती म्हणाली. “काय घालत होतीस त्यांना?” आणि गाडीपर्यंत, घरापर्यंत, जेवणाच्या टेबलापर्यंत ती तेच विचारत राहिली.